मालक भाडं घ्यायचे थांबले, आता घर सोडायचं का?

पत्राचा सारांश: बेळगावातल्या एका जुन्या गल्लीत, कौलारू घराच्या पुढच्या दोन खोल्यांत हे कुटुंब राहतं. सासऱ्यांनी १९५४-५५ च्या सुमारास या खोल्या भाड्याने घेतल्या. सासऱ्यांनंतर भाडं पतीच्या नावाने सुरू राहिलं, सध्या ते महिना ४५० रुपये आहे. दोन वर्षांपूर्वी पती वारले. घरात पत्र लिहिणाऱ्या ताई, औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा मुलगा आणि पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) असलेली मुलगी आहे. जुने मालकही गेले. त्यांची सत्तरी ओलांडलेली पत्नी मागच्या भागात राहते आणि मुलगा पुण्यात असतो. गेल्या दिवाळीपासून मुलाने आईला भाडं घेऊ दिलेलं नाही. आता वकिलाची नोटीस आली आहे: थकलेलं भाडं भरा आणि घर खाली करा. तोंडी मात्र दोन पर्याय ठेवले आहेत. तीन लाख घेऊन निघा, नाहीतर महिना सहा हजारांच्या अकरा महिन्यांच्या करारावर सही करा. कोल्हापूरचे दीर म्हणतात, 'साठ-सत्तर वर्षांचा कब्जा आहे, पगडीचं घर आहे, अर्धी किंमत घेतल्याशिवाय हलू नका.' ताई विचारतात, भांडावं की पैसे घ्यावेत? आणि नोटीस कन्नडमध्ये आहे, ती कुणाकडून वाचून घ्यावी?

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य अगदी सहज आलंय: 'ते घेईनात, म्हणून आम्हीही द्यायचं थांबवलं.' सगळ्यात आधी तिथेच थांबायला हवं, कारण बाकीचं सगळं महिनाभर मागे ठेवलं तरी चालेल, हे नाही चालायचं. मालक भाडं नाकारतो तेव्हा भाडेकरूला वाटतं की चूक त्याची, आपण मोकळे. कोर्टात मात्र प्रश्न एवढाच येतो की तुम्ही भाडं देऊ केलं होतं याला पुरावा काय? कर्नाटकच्या भाडे कायद्यात घर खाली करून घेण्याची जी कारणं कलम २७ मध्ये दिली आहेत, त्यातलं पहिलंच थकबाकीचं आहे. मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी दिली किंवा देऊ केली नाही, तर मालकाच्या हातात आयतं कारण मिळतं. तुमच्या नोटिशीची तारीख बघा आणि तिथून दोन महिने मोजा. ती मुदत संपण्याची वाट न बघता याच आठवड्यात दिवाळीपासूनचं सगळं भाडं एकरकमी पाठवा. मालकाचा बँक खाते क्रमांक असेल तर बँकेतून, नसेल तर पोस्टाच्या ई-मनीऑर्डरने. परत आली तर ती परत आल्याचा कागद जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा. सोबत पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पत्र टाका: अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचं भाडं, आपण स्वीकारत नसल्याने अशा रीतीने पाठवत आहोत. तरीही नकारच आला तर भाडं नियंत्रकाकडे जमा करण्याची तरतूद आहे, ते काम वकील करतील. पुढे बेदखलीचा दावा दाखल झाला तर कलम ४५ खाली आधी थकबाकी भरावी लागते आणि चालू भाडंही भरत राहावं लागतं, नाहीतर दाव्यात आपली बाजू मांडण्याचा हक्कच जातो. हातातले साडेचारशे रुपये वाचवून हरलेली कुटुंबं असतात, आणि त्यांची बाजू बहुतेकदा चांगली असते, याचंच वाईट वाटतं.

आता दिरांच्या सल्ल्याकडे येते. त्यांची माया खरी आहे, पण ते तुम्हाला महाराष्ट्राचा कायदा सांगताहेत आणि तुमचं घर कर्नाटकात आहे. ही गफलत बेळगाव-निपाणी-खानापुरात घरोघरी होते आणि तिला कारणही आहे. तुमच्या सासऱ्यांनी खोल्या घेतल्या तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं, भाड्याचा १९४७ चा कायदाही मुंबईचाच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. १९६१ मध्ये त्या राज्याने स्वतःचा भाडेनियंत्रण कायदा केला, आणि त्याच्या जागी आलेला १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा ३१ डिसेंबर २००१ पासून लागू आहे. महाराष्ट्राचा भाडेनियंत्रण कायदाही १९९९ चाच. साल एकच, त्यामुळे मोबाईलवर मराठीत शोधलं की पुण्या-मुंबईच्या वकिलांची माहिती समोर येते आणि ती आपलीच वाटते. कोल्हापूरचे, मुंबईचे नातेवाईक तेच सांगतात. मनाने आपण कुठल्या राज्याचे हा प्रश्न प्रत्येक सीमावासीयाच्या काळजाचा आहे, माझ्याही. पण तारखेला उभं राहताना कायदा इथलाच लागतो.

दोन्हींत फरक काय? महाराष्ट्रात भाडेहक्क सोडताना पैसे घेणं-देणं कायद्याने मान्य केलं आहे, त्यामुळे तिथे पगडीला आधार आहे. इथे भाडेकरूला घराच्या किमतीचा अर्धा, तिसरा, कुठलाच वाटा ठरवून दिलेला नाही. उलट भाडेहक्क सोडण्याच्या बदल्यात मागितलेले पैसे अंगाशी येऊ शकतात. म्हणून 'अर्धी किंमत द्या' असं कुठे लिहून देऊ नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. आणि ते कब्जाचं, म्हणजे 'बारा वर्षं कब्जा असला की घर आपलं होतं' हा समज. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहत असतो. भाडं भरत सत्तर वर्षं राहिलं तरी घर भाडेकरूचं होत नाही. कोर्टात असा दावा करणं म्हणजे आपण मालकाची मालकीच नाकारतोय असं होतं, आणि त्याने तुमची खरी बाजू कमजोर होते.

खरी बाजू तुमच्याकडे आहे. तुमचं भाडं ४५० आहे. या कायद्याचं संरक्षण मोठ्या शहरांत महिना ३५०० पर्यंतच्या आणि बाकी ठिकाणी २००० पर्यंतच्या घरांना मिळतं, त्यामुळे तुम्ही दोन्ही मापांत बसता. म्हणजे कायद्यात दिलेलं कारण सिद्ध केल्याशिवाय आणि कोर्टाचा हुकूम आणल्याशिवाय तुम्हाला कुणी घराबाहेर काढू शकत नाही. 'घर आमचं आहे' हे कारण नाही. 'बिल्डरला द्यायचंय' हे स्वतःच्या राहण्याच्या गरजेत बसत नाही.

पण या संरक्षणाला तुमच्या बाबतीत मुदत आहे, आणि ती तुम्हाला कुणीच सांगितलेली दिसत नाही. कलम ५ म्हणतं की भाडेकरू वारला तर भाडेहक्क त्याच्या वारसाकडे मृत्यूच्या तारखेपासून पाच वर्षांसाठी जातो. पहिला हक्क पत्नीचा, नंतर मुलगा-मुलगी, मग आई-वडील, मग विधवा सून. अट अशी की वारस मृत्यूपर्यंत त्याच घरात कुटुंबीय म्हणून राहत असावा आणि त्याच्यावर अवलंबून असावा. तुम्ही दोन्हींत बसता. मात्र वारसाचं, त्याच्या जोडीदाराचं किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या मुलांचं त्याच भागात दुसरं घर असेल तर हा हक्क मिळत नाही. तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यात सासरच्या घरात हिस्सा आहे. ते घर शहराच्या हद्दीत नाही, तरी वकिलापासून लपवू नका. समोरच्या वकिलाने ते कोर्टात काढण्याआधी तुमच्या वकिलाला ठाऊक असलेलं बरं.

महाराष्ट्रात अशी पाच वर्षांची मर्यादा नाही, म्हणून दिरांना ती माहीत नाही. तुमच्या हिशेबाने दोन वर्षं गेली, साधारण तीन उरली. पाचव्या वर्षानंतर सकाळी कुणी येऊन सामान बाहेर टाकू शकत नाही, तेव्हाही मालकाला कोर्टातूनच जावं लागेल. पण तुमचा हात आजच्याइतका भक्कम राहणार नाही. पतीच्या मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख बघा आणि तीच धरून पुढचा सगळा विचार करा. तुम्ही विचारलंत, भांडावं की पैसे घ्यावेत. हा प्रश्न 'कायमचं राहायचं की आत्ता निघायचं' असा तुमच्या मनात आहे. मला तो असा दिसतो: हातात तीन वर्षं आहेत, त्यांचा उपयोग कसा करायचा?

आणखी एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे. 'मालकीण काकू विधवा, म्हाताऱ्या, त्या काय कोर्टात जाणार.' कायदा नेमका उलटा आहे. विधवा, अपंग आणि ६५ वर्षांवरच्या मालकांना स्वतःच्या गरजेसाठी घर लवकर परत मिळावं म्हणून कलम ३१ आहे. पुण्याच्या मुलाला एखादा चांगला वकील भेटला आणि त्याने काकूंच्या नावाने अर्ज केला तर प्रकरण बरंच वेगाने सरकेल. त्यांना खरंच त्या खोल्यांची गरज आहे का, हे कोर्ट बघेल. त्यांच्याकडे मागे किती खोल्या आहेत, कोण राहतं, हे आजच्या तारखेला तुम्हाला ठाऊक आहे. ते एका कागदावर टिपून ठेवा.

कागदांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण जुन्या गल्ल्यांतली प्रकरणं इथेच अडतात. तुम्ही लिहिलंय की पावत्या २०११ पर्यंतच्या आहेत आणि पुढे नुसती वही. ती वही कशी आहे, हे महत्त्वाचं. महिना, रक्कम आणि शेवटी मालकांची सही किंवा निदान आद्याक्षरं, असं प्रत्येक ओळीत असेल तर ती पावतीच्या जवळपास जाते. कलम ४३ प्रमाणे भाडेकरूपणाचाच वाद उठला आणि लेखी करार नसेल, तर मालकाच्या सहीची भाडं मिळाल्याची पोच कोर्ट सकृद्दर्शनी पुरावा म्हणून धरतं. मालकांची सही नाही, नुसती आपण केलेली नोंद आहे, अशा वहीचं वजन कमी. वहीचं पान न् पान मुलाकडून मोबाईलवर फोटो काढून घ्या. पाठकोऱ्या पानांचे, कव्हरचेही. मूळ वही कुणाच्या हातात देऊ नका, वकिलालासुद्धा झेरॉक्स द्या आणि मूळ कोर्टातच दाखवा. सासऱ्यांच्या नावाच्या जुन्या पावत्या, हेस्कॉमची वीजबिलं, रेशनकार्ड, मतदार यादी, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, पतीच्या मृत्यूच्या दाखल्यावरचा पत्ता, हे सगळं एका फाईलमध्ये लावा. मीटर मालकांच्या नावावर असलं तरी बिल तुम्ही भरता हे दाखवता येतं. सिटी सर्व्हेचा उतारा काढून घर आता कुणाच्या नावावर आहे तेही बघा. नोटीस मुलाने पाठवली आहे आणि उताऱ्यावर आई, बहिणी अशी नावं असतील तर तडजोड एकट्या मुलाशी करून भागणार नाही.

नोटीस कन्नडमध्ये आहे म्हणून ती तशीच ठेवू नका. मुलाला कन्नड वाचता येत असेल तरी कायद्याची भाषा वेगळी, वकिलाकडून शब्दन् शब्द मराठीत समजून घ्या. यापुढे पोस्टमन सही घेऊन द्यायचं पत्र घेऊन आला की घ्या. 'घेतलंच नाही तर लागू होत नाही' हा समज फार पसरलेला आहे. नाकारलेली नोटीस मिळाली असंच धरलं जातं आणि समन्स टाळलं तर निकाल एकतर्फी लागतो. कन्नड असो वा इंग्रजी, न कळलेल्या मजकुराखाली सही करू नका.

वकिलाच्या खर्चाची काळजी तुम्ही दोनदा लिहिली आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिच्या उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज करा. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. १५१०० या क्रमांकावरूनही माहिती मिळते. वकील मिळाला की पहिल्या भेटीत तीन कामं सांगा: नोटिशीला उत्तर, भाडं जमा करणं आणि दिवाणी न्यायालयात कॅव्हेट. कॅव्हेट दाखल असली की तुम्हाला न ऐकता एकतर्फी हुकूम निघणं टळतं, ती नव्वद दिवस चालते.

आता तुम्ही लिहिलेली नळ-वीज तोडण्याची धमकी. मालकाला हे करता येत नाही. भाडे कायदा पाणी, वीज अशा आवश्यक सोयी विनाकारण बंद करायला मनाई करतो. धमकी तोंडी असेल तर त्याच दिवशी मुलाच्या मोबाईलवरून मालकाच्या मुलाला साधा मेसेज करा, 'तुम्ही आज वीज तोडण्याबद्दल बोललात, कृपया तसं करू नये.' भांडणाचा एक शब्द नको, फक्त नोंद हवी. कुणी कुलूप घालायला, सामान काढायला आलं तर ११२ ला फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. 'हे दिवाणी प्रकरण आहे' असं ऐकवलं जाईल, तरी पोच सोडू नका. त्यावरून दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागता येतो. जबरदस्तीने बाहेर काढलंच, तर सहा महिन्यांच्या आत कब्जा परत मिळवण्याचा दावा करता येतो. त्याला भाडे कायदा लागू असण्याचीही गरज नाही.

अकरा महिन्यांचा करार. माझं स्पष्ट मत, सही करू नका. सहा हजार आजच्या बाजारभावाने जास्त नाहीत आणि मुलाच्या पगारात कदाचित बसतीलही. पण त्या सहीने तुम्ही जुनं भाडेकरूपण संपवून नवं, ३५०० च्या वरचं भाडेकरूपण मान्य केलं असा वाद उभा राहील, आणि अकरा महिन्यांनी संरक्षणाशिवाय उभ्या राहाल. मालकांना हे जुनं भाडं परवडत नाही हे मात्र खरं आहे, ताई. साडेचारशेत घरपट्टी आणि पावसाळ्याआधीची कौलं फेरणं निघत नाही, बेळगावच्या पावसात जुनी भिंत कधी बसेल सांगता येत नाही. पत्रात तुम्ही मालकाच्या मुलाला लोभी म्हटलंय. असेलही. पण आईच्या डोक्यावरचं छप्पर गळतंय आणि दुरुस्तीला भाड्यातून पैसा नाही, ही अडचण लोभाशिवायही असू शकते. जुनंच भाडेकरूपण चालू ठेवून भाडं थोडं वाढवायची तयारी वकिलामार्फत लेखी दाखवली तर कोर्टापुढे आणि काकूंपुढेही तुमची बाजू उजळ राहील.

तीन लाखांचं म्हणाल तर मी ती दारं बंद करणार नाही. तीन वर्षं भांडून शेवटी रिकाम्या हाताने निघण्यापेक्षा, मुलीचं शिक्षण मार्गी लागेपर्यंतची मुदत आणि नव्या घराचं डिपॉझिट व पहिली काही वर्षं निभावतील इतकी रक्कम, हे मला जास्त पटतं. अनगोळ, वडगाव, शहापूर भागात दोन खोल्यांचं भाडं आणि डिपॉझिट किती पडतं ते मुलाला चार ठिकाणी विचारायला सांगा. तो आकडा आणि उरलेले महिने समोर ठेवले की तीन लाख पुरे की अपुरे ते तुमचं तुम्हाला कळेल. रोख मात्र हातोहात घेऊ नका आणि स्टॅम्पपेपरवर आपापसात उरकूही नका. विधी सेवा प्राधिकरणामार्फत दावा दाखल होण्याआधीसुद्धा लोकअदालतीत तडजोड करता येते. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखा असतो, त्यावर अपील नसतं, म्हणून दोन्ही बाजू शब्दाला बांधल्या जातात. उताऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या, रक्कम कशी, कधी, डिमांड ड्राफ्टने की बँकेतून, आणि चावी देण्याच्या क्षणी शेवटचा हप्ता, हे सगळं त्यात यायला हवं.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. तुमचं गाव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे का ते आधी वकिलाकडून बघून घ्या. नसेल, किंवा भाडं मर्यादेच्या वर असेल, तर महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस देऊन मालक दिवाणी दावा करू शकतो. कारण दाखवावं लागत नाही, पण कोर्टाचा हुकूम तरीही लागतोच. दुकानदारांसाठी फरक मोठा आहे: जागा १४ चौरस मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दीडशे चौरस फुटांपेक्षा मोठी असेल तर भाडे कायद्याचं छत्र नाही. खडेबाजार, गणपत गल्लीत बापजाद्यांची दुकानं चालवणाऱ्या अनेकांना हे नोटीस येईपर्यंत ठाऊक नसतं. आणि हरलात तरी वरच्या कोर्टाची वाट असते, त्यासाठी बंगळूर गाठावं लागत नाही, उच्च न्यायालयाचं खंडपीठ धारवाडला आहे.

काकूंशी बोला, ताई. मुलगा पुण्यात, नोटीस वकिलाची, आणि तुम्ही दोघी एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दिवाळीपासून अबोल्यात. गौरीच्या हळदीकुंकवाला यंदा त्यांनी बोलावलं नाही हे तुम्ही पत्रात लिहिलंत, त्यावरून दुखलंय ते कळतं. भाडं पाठवलं आहे, घर बळकावायचा विचार नाही, एवढंच त्यांना तोंडी सांगा. कायद्याचं काही बोलू नका, रकमेचंही नको, ते वकिलांवर सोडा. तडजोडीची वेळ आली तर मुलीची बारावीची परीक्षा आणि पुढचा प्रवेश धरून मुदत मागा, आणि तितक्या महिन्यांचं भाडं कोणत्या दराने भरायचं तेही त्याच कागदात लिहून घ्या.